धरणारीचा चेहरा

“ओ सर, धरलंय तर मी. मी कुठं हाय ह्यात?”

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, एका गावात यात्रेनिमित्त मुलींच्या कबड्डीचे सामने होते. उपांत्य सामना संपला, मुली पाण्याच्या बाटल्या घेऊन बाहेर आल्या आणि नेहमीप्रमाणं कॅमेऱ्यामागं गराडा पडला. फोटो खरंच चांगला होता. चढाईला गेलेली मुलगी परतताना मध्यरेषेकडं झेपावलेली, उजव्या हाताची बोटं ताणलेली, रेषा वीतभर लांब. ओठ अर्धवट उघडे, म्हणजे दम अजून सुटलेला नाही. कपाळावरून ओघळलेला घामाचा थेंब भुवईच्या टोकाशी अडकलेला, तोही स्वच्छ. सगळ्या “भारी, भारी” करत होत्या. त्यांच्या मागं कोपराला पट्टी गुंडाळलेली एक मुलगी टाचा उंचावून बघत होती, तिनं हे विचारलं. ती डाव्या कोपऱ्यात खेळणारी. घोटा तिनंच धरला होता, गुण तिच्या संघाला मिळाला होता आणि सामना तिथंच फिरला होता. मी फोटो मोठा करून दाखवला. घोट्यावर आवळलेली बोटं कशीबशी ओळखू येत होती. त्यामागं दंडाचा नुसता अंदाज, आणि जिथं चेहरा असायला हवा तिथं गव्हाळ रंगाचा डाग. “हात आलेत की तुझे,” मी म्हणालो. ती हसली. “हाताला कोण वळखतंय?” म्हणाली आणि मैत्रिणींबरोबर भेळेच्या गाड्याकडं निघून गेली.

तिच्या दृष्टीनं विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना, कारण त्या फोटोत लेन्सनं आपलं काम चोख केलं होतं. ८५ मिलिमीटरची वन पॉइंट एट. ८५ ही लेन्सची लांबी, १.८ हा तिचं तोंड किती उघडतं त्याचा आकडा; आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं आणि उजेड जास्त. रात्रीच्या सामन्यांसाठीच ती घेतलेली. अशा उजेडात असा चेहरा काढून देणारी एवढ्या पैशांत दुसरी लेन्स मला माहीत नाही. ज्या गुणासाठी घेतली, त्याच गुणानं ती दुसरी मुलगी पुसून टाकली.

गावातल्या रात्रीच्या सामन्यांचा उजेड ज्यानं कॅमेऱ्यातून बघितलाय त्यालाच कळतो. चार कोपऱ्यांत चार लोखंडी पाइप, त्यांवर एलईडीचे फोकस, त्यातला एक हमखास स्टेजकडं वळवलेला, कारण तिथं पाहुणे बसतात. खाली मॅट अंथरलेली असली तर तिचा निळसर रंग खेळाडूंच्या हनुवटीला लागतो, वरून डोळ्यांच्या खोबणीत काळोख. साध्या डोळ्याला मात्र सगळं लख्ख दिसतं. कमिटीतला माणूस म्हणतो, “लाईट कमी हाय व्हय? वेशीपातूर उजेड पडलाय की.” त्याचंही खरं असतं. डोळा थोड्या वेळात सरावतो आणि उरलेलं मेंदू भरून काढतो. कॅमेऱ्याला तशी सोय नाही. कॅमेऱ्याच्या बॉडीबरोबर आलेली किट लेन्स लांबच्या टोकाला नेली की ५.६ वर येते, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ६४०० केला तरी शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास अडकतं. १/१२५ ला लग्नातली नवरी छान येते, कारण तिला कुणीतरी ‘हलू नका’ सांगितलेलं असतं. चढाई करणारीचा हात तेवढ्या वेळात दोन-चार बोटं पुढं गेलेला असतो, आणि फोटोत पाच बोटांच्या जागी पंखा दिसतो. ५.६ वरून २.८ वर आलं की चौपट उजेड आत येतो, म्हणजे तोच फोटो १/५०० ला निघतो. २ वर आलं की १/१०००. १.८ ला त्याहून थोडा जास्त. कबड्डीला १/५०० म्हणजे पोटापुरतं, १/१००० म्हणजे सुख. दुकानदार मध्येच लेन्समधल्या स्टॅबिलायझरचं कौतुक सांगतो, चार स्टॉप, पाच स्टॉप वगैरे. तो आपला हात थरथरतो त्यावर इलाज आहे. समोरची पोरगी पळायची थांबत नाही.

हा अंधाराचा घोळ मला लहानपणापासून ठाऊक आहे, तेव्हा हातात कॅमेरा नव्हता इतकंच. वडिलांबरोबर कुंडलच्या कुस्ती मैदानाला जायचो. टेकडीच्या उतारावर बसलेली माणसं, टोप्या आणि फेटे, भडंगाचे कागद, कुठूनतरी गाळप चालू असलेल्या कारखान्याच्या मळीचा वास. दुपारी बारक्या पोरांच्या कुस्त्या लागायच्या. ऊन उतरेल तशी इनामं चढत जायची. आणि ज्या कुस्तीसाठी सगळा मुलूख लोटलेला असायचा, ती एक नंबरची जोड आखाड्यात यायची दिवस मावळताना. हलगी तापलेली, निवेदकाचा घसा बसलेला, तांबड्या मातीनं माखलेले दोघं एकमेकांच्या मानेवर हात टाकून खडाखडी करतायत, आणि उजेड असा की माती कुठली आणि अंग कुठलं ते कळू नये. बराच वेळ काहीच घडायचं नाही. मग एकदम घिस्सा डाव, पाठ टेकलेली, आणि आम्ही पोरं मोठ्यांच्या पायांमधून “कुणी मारली? कुणी मारली?” विचारत असायचो. म्हणजे दिवसातली सगळ्यात मोठी घटना सगळ्यात कमी उजेडात. ज्यानं हा क्रम ठरवला त्याला फोटोग्राफर हा प्राणी माहीत नसणार.

आमच्याकडच्या जुन्या तालमींच्या भिंतींवरचे फोटो नीट बघा. हार घातलेले, काचेत थोडी वाळवी शिरलेली. त्यांत कुस्ती क्वचितच असते. पैलवान असतो, उभा, छाती फुगवलेली, हाताची घडी किंवा खांद्यावर गदा, मागं स्टुडिओचा पडदा. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फ्रीस्टाइलला सुवर्ण आणि ग्रीको-रोमनला रौप्य मिळवलं. मी लहानपणापासून हॉटेलांत, सलूनमध्ये त्यांचे जे फोटो बघत आलो ते बहुतेक उभ्याचेच. डाव कसा टाकायचे हे म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकायचं, तेही त्यांनी आपल्याच मांडीला पेच मारून दाखवलेलं. याला रीतभात कारण असेलच, पण मला वाटतं फिल्मसुद्धा एक कारण असावी. त्या काळच्या फिल्मवर संध्याकाळच्या उजेडात घिस्सा धरणार कोण? फ्लॅश मारला तर डोळ्यांवर येतो, आणि वस्ताद फोटोवाल्याला आखाड्यातून उचलून बाहेर ठेवील. त्यामुळं पैलवानाला शांत उभा करून, दिवे लावून, श्वास रोखायला सांगून काढलेला फोटो हाच त्याचा फोटो ठरला. हरलेल्याचा तर तोही नाही.

लेन्स घ्यायची ठरली तेव्हा माझ्या मनात होती ती अर्थात ७०-२०० ची टू पॉइंट एट, ७० पासून २०० मिलिमीटरपर्यंत लांबी बदलता येणारी झूम. सगळ्यांच्याच मनात असते. तिच्यात बसल्या जागेवरून कोपराही येतो आणि मध्यरेषाही, पंचांनी वर केलेला हातही येतो. पण कंपनीची नवी घ्यायची तर दीड लाखाच्या पुढं, आणि वजन साधारण दीड किलो. २०० ला २.८ नं भागलं की ७१ येतात. तेवढ्या मिलिमीटर व्यासाचं तोंड उजेडाला द्यावंच लागतं, यात कुणाची हुशारी चालत नाही. ८५ ला १.८ नं भागा, ४७ येतात. म्हणून ती खिशात मावते आणि खिशाला परवडतेही. शिवाय उजेड दुपटीहून जास्त, आणि फोकस शोधताना लेन्स पूर्ण उघडी असल्यानं कॅमेरा अंधारात चाचपडतही कमी. झूमचं सुख सोडून बाकी सगळं पदरात. हे गणित मी घरात इतक्यांदा मांडलं की बायको म्हणाली, “घ्या एकदाची, पण आता परत आकडे नकोत.”

आमच्याकडं मोठ्या लेन्स असतात त्या लग्नाच्या फोटोग्राफरांकडं. भाड्यानंही त्यांच्याकडूनच मिळतात, ओळखीवर, आधार कार्ड ठेवून घेऊन. मी ७०-२०० अशीच आणून बघितली. पहिला तासभर आपण कुणीतरी मोठे वाटतो. दुसऱ्या सामन्याला डाव्या मनगटातून कळ निघते. तिसऱ्या सामन्याला लेन्स मोनोपॉडवर, म्हणजे एका पायाच्या स्टँडवर, जाते आणि मोनोपॉडचा पाय मागच्या म्हातारबांच्या पायावर. पण फोटो? फोटो असे की घरी येऊन बघताना जेवण थंड झालं. तिच्या २.८ वर आयएसओ वाढवावा लागला, फोटोत चेहऱ्यांवर वाळूसारखे दाणे आले. तरी एकाच चढाईचे चार टप्पे चार वेगळ्या चौकटींत मिळाले होते, जे माझ्या ८५ ला जन्मात जमणार नाही. दाण्यांचं काही वाटत नाही. पेपरात छापताना ते दिसतही नाहीत. उलट आयएसओ कमी ठेवून अंधारा फोटो काढायचा आणि नंतर कॉम्प्युटरवर उजळायचा, या नादात जास्त दाणे येतात, हे लोकांना सांगून पटत नाही.

सेकंडहँड घ्यावी म्हटलं तर सांगलीत एक जादा प्रश्न विचारावा लागतो. पुरात होती का?

ऑगस्ट २०१९ ला कृष्णा बाजारपेठेत आणि घराघरांत शिरली, जुलै २०२१ ला पुन्हा आली. त्यात किती कॅमेरे, किती लेन्स भिजल्या याचा हिशेब कुणाकडं नाही. विचारलं की सगळे सांगतात, “नाय ओ, माळ्यावर हुती.” माळ्यावरची लेन्ससुद्धा आठवडाभर त्या ओलीत राहिलेली असते. मी आता कुणाच्या सांगण्यावर जात नाही. लेन्स पूर्ण उघडी करायची, मागून मोबाइलची बॅटरी मारायची आणि पुढून तिरकं बघायचं. आत कोळिष्टकासारखे पांढरट तंतू दिसले की ती बुरशी. विकणारा म्हणतो, फोटोत काही फरक पडत नाही. दिवसा नाही पडत. रात्री मैदानाच्या पलीकडचा एलईडी थेट काचेवर आला की अख्ख्या फोटोवर दुधाळ पडदा चढतो, काळा रंग काळा राहत नाही. आमचं काम नेमकं तेवढंच, दिवे समोर घेऊन. एक ७०-२०० मला अशीच जवळजवळ निम्म्या किमतीत मिळत होती. विकणारा भला माणूस होता, चहा पाजला, लेन्स डोळ्यांसमोर बुरशीनं भरलेली होती, आणि त्याला ती खरंच दिसत नव्हती. पुरात दुकान गेलेल्या माणसाला आणखी काय काय दाखवायचं, म्हणून मीही “विचार करून सांगतो” म्हणालो.

तर कोपऱ्यातल्या त्या मुलीच्या ‘मी कुठं हाय’ या प्रश्नानंतर मी गच्चीवर भडंगाचे दोन डबे मांडले. मुलींचं मैदान १२ मीटर लांब, म्हणजे अंतिम रेषेपासून मध्यरेषा ६ मीटर; मी रेषेच्या मागं तीनेक मीटर बसतो. तेव्हा पहिला डबा नऊ मीटरवर, ही चढाई करणारी. दुसरा त्याच्या मागं दीड मीटरवर, ही धरणारी. झेपावलेल्या माणसाच्या तोंडापासून घोट्यापर्यंत एवढं अंतर सहज होतं. ८५ वर १.८ ला पुढच्या डब्यावरची अक्षरं ‘खाद्यतेल’पर्यंत वाचता आली, मागचा डबा म्हणजे लाल धुकं. माझ्या छोट्या सेन्सरच्या बॉडीवर त्या अंतराला फोकसचा पट्टा, म्हणजे जेवढ्या अंतरातलं स्पष्ट येतं तो, पुढं-मागं मिळून पाऊण मीटर मिळतो, त्यातला मागचा भाग जेमतेम हातभर. २.८ केलं तर पट्टा सव्वा मीटरच्या आसपास जातो आणि मागचा डबा निदान डबा आहे हे कळतं. पण मग शटर १/१२५० वरून पुन्हा १/५०० वर. मग कपाटातली जुनी ५० ची वन पॉइंट एट काढली. सगळ्यांकडं असते ती, प्लास्टिकची, फोकस करताना कुरकुरणारी. तिच्यावर १.८ लाच दोन्ही डबे वाचता आले. तेवढाच उजेड, तेवढंच शटर, आणि पट्टा दोन मीटरच्या वर. डबे अर्थात लहान दिसतात. मोठे करायला कापायला गेलं की थोडी धार जाते, पण थोडीच. शेजारच्या काकू वाळवण उलटायला आल्या होत्या, त्यांनी विचारलं, “जाहिरात करताय का भडंगाची?”

मी इतकी वर्षं आकडा बघत आलो तो १.८ चा. ‘किती उघडते’ एवढंच विचारायचं. लांबी म्हणजे किती जवळ दिसतं, बास. एकाच अंतरावरून, एकाच १.८ ला, एक लेन्स एकीलाच घेते आणि दुसरी दोघींना घेते, हे पुस्तकात वाचलेलं होतंच. पण त्यात पुसली गेलेली बाई समोर येऊन ‘मी कुठं’ म्हणत नाही तोवर ते गणितच राहतं.

आणि खरं सांगायचं तर लेन्सवर सगळं ढकलूनही भागत नाही. ८५ मी समोरून वापरतो कारण समोरून चेहरा मिळतो. परतीची झेप, ताणलेला हात, वटारलेले डोळे. पेपरवाल्यांना हाच लागतो, पोरींना स्टेटसला हाच लागतो, यात्रा कमिटीच्या पुढच्या वर्षीच्या बॅनरवरही हाच जातो. कबड्डीत गर्दी ओरडते ती चढाईवर. एकटी जाते, सातजणींत शिरते, तीस सेकंदांत परत येते, कथा तिचीच. धरणारी वाकलेली असते, तोंड खाली, बहुतेक वेळा केस चेहऱ्यावर आलेले. मी ८५ घेतली तेव्हा खेळातला कुठला अर्धा भाग मला हवा हे गर्दीनं आधीच ठरवलं होतं, मी त्याला शोभेलशी काच विकत घेतली.

एका सामन्याला बाजूच्या रेषेवर बसून बघितलं. तिथून चढाई करणारी आणि धरणारी जवळपास सारख्या अंतरावर येतात, दोघी एका पट्ट्यात, १.८ ला सुद्धा. साखळी पकड तर अशी येते की चौघींच्या मनगटांची गुंफण मोजता यावी. पण चेहरे सगळे एका बाजूनं, नाक आणि कान. आणि पंच त्याच रेषेवरून ये-जा करत असल्यानं ऐन पकडीच्या वेळी फ्रेममध्ये त्यांची पाठ. शिवाय त्या बाजूचा दिवा स्वस्तातला होता. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं असले दिवे सेकंदाला शंभरदा मंदावतात. डोळ्याला पत्ता लागत नाही, १/१००० ला मात्र एक फ्रेम उजळ, पुढची काळवंडलेली, तिसरीत खालची अर्धी पिवळट. २०१४ पासून काही बॉडींत ही लुकलुक ओळखून उजेड भरात असताना शटर सोडायची सोय आली आहे. माझीत नाही. लेन्स कितीही महागाची लावली तरी ते काम तिचं नव्हे. त्या रात्रीची सगळ्यात चांगली पकड काळवंडलेल्या फ्रेममध्ये गेली, आणि तिच्या शेजारच्या उजळ फ्रेममध्ये पंचांच्या पाठीवरचा घाम मात्र अतिशय शार्प आलाय.

आता व्यवस्था अशी केली आहे. ८५ विकायची नाही. तिच्यात जे चेहरे मिळतात त्यांचा मोह सुटण्यासारखा नाही. मेहुण्याची जुनी बॉडी मागून आणली, तिच्यावर ५० लावली. पहिला अर्धा डाव अंतिम रेषेमागं, दुसरा कोपऱ्यात तिरकं, म्हणजे पंच जरा कमी आडवे येतात आणि धरणारी थोडी तरी समोर होते. फायनलला ७०-२०० भाड्यानं आणायची. कागदावर हे सगळं उत्तम आहे. अडचण एवढीच की यात्रा चैत्र-वैशाखात आणि लग्नंही चैत्र-वैशाखातच. फायनलच्या दिवशी फोन करावा तर ती लेन्स कुणाच्यातरी हळदीला गेलेली असते. मागं मी जरा आवाज चढवला, आधी शब्द दिला होता म्हणालो. तर लेन्सचा मालक शांतपणे म्हणाला, “सर, तुमच्या पोरी उद्याबी पळत्यात. नवरी काय परत बसायची न्हाई.” भाडं मात्र तो दोघांना सारखंच लावतो.